नमुन्यांचा डबा

दहिसरला मामाच्या खोलीत दोन आवाज सकाळ करायचे. एक, नळाला पाणी येण्याआधी पाइपातून सुटणाऱ्या हवेचा, आणि दुसरा, मामीच्या बोटांखालच्या की-बोर्डचा. पाणी साडेपाचला यायचं. मामी पाचला उठून चहाचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत एक पान टाइप करायची. टायपिंग ती जुन्या मराठी मशीनवर शिकली होती, त्यामुळे कळ हळुवार दाबणं तिला कधी जमलंच नाही. प्रत्येक अक्षर ती ठोकून बसवायची. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, एका निवृत्त मास्तरांचा कोकणातल्या म्हणींवरचा जाडजूड ग्रंथ, असं सगळं त्या टकटकीतून गेलं. मी खाली चटईवर, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पाय घालून झोपायचे. जागा तेवढीच होती. डोळे उघडले की आधी मामीची पावलं दिसायची आणि त्यांच्या पलीकडे कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पेटीवरचा हिरवा दिवा.

मी कणकवलीच्या शाळेतून आलेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा आईने तिच्या भावाला फोन केला आणि मामा एवढंच म्हणाला, "धाडून दी." मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. पण त्यांच्या एका खोलीत जागा रिकामी होती म्हणून मला बोलावलं, असं कोणी समजू नये. माझ्यासाठी त्यांनी शिलाई मशीन गॅलरीत नेऊन ठेवलं आणि लोखंडी कपाट पंख्याखाली सरकवलं. त्या कपाटाच्या दाराला पंख्याचा वारा लागून ते रात्रभर हलकंसं कुरकुरायचं. आजही कुठे दार कुरकुरलं की मला वाटतं, आपण अजून कुणाच्या तरी जागेत झोपलोय.

मामा पूर्वी गिरणीत फिटर होता. गिरणी बंद झाली आणि तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. हात तेच, यंत्र बदललं. त्याच्याकडे बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. आयुष्यात त्याने बदललेल्या प्रत्येक प्रकारच्या भागाचा एक जुना नमुना त्यात असायचा: मागाची दातेरी पट्टी, बेअरिंगची गोळी, लिफ्टच्या बटणाची स्प्रिंग. गिरणीतल्या स्टोअरमध्ये म्हणे तोंडी मागणी चालायची नाही. जुना भाग खिडकीवर दाखवायचा, मगच नवा मिळायचा. "तोंडान सांगलेला स्टोअरवाल्याक आयकाक येणा नाय," मामा म्हणायचा, "नमुनो दाखव, मगे बोल." मामीचा कायदा याहून वेगळा नव्हता. ब्लाउजपीस घ्यायला बोरिवलीच्या मॅचिंग सेंटरला जाताना ती साडी पिशवीत घालून न्यायची आणि कापड दुकानातल्या दिव्याखाली कधीच पसंत करायची नाही. साडी आणि कापड दोन्ही घेऊन बाहेर फुटपाथवर यायची, उजेडात धरायची, आणि दुकानदाराचा पोरगा वैतागेपर्यंत बघत राहायची. मी तिच्या शेजारी पिशवी धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, किती वेळ लावते ही.

मला तेव्हा सगळ्याचीच घाई होती. शेवटचं वर्ष, उकाड्याचे दिवस. बी.एस्सी.च्या परीक्षेत एक प्रकल्प करून दाखवायचा होता. मी आमच्या गावच्या वाचनालयासाठी प्रोग्रॅम लिहिला होता, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं आणि कधी परत यायचं याचा. त्याचे तुकडे मी कॉलेजच्या लॅबमध्ये पाळीपाळीने केले होते. ते सगळे जोडून एकत्र चालवणं तेवढं राहिलं होतं, आणि नेमकी तेव्हा परीक्षेच्या तयारीसाठी लॅबला कुलूप लागलं. तोंडी परीक्षा सोमवारी होती. प्रोग्रॅम चालला नाही तर वर्ष जाणार होतं. आणि मला आणखी एक वर्ष मुंबईत ठेवण्याइतकी ताकद बाबांत नव्हती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी गावी गेले असते आणि पुन्हा आले नसते.

घरचा कॉम्प्युटर पवईच्या एका ऑफिसने मोडीत काढलेला. तिथल्या लिफ्टचं काम मामाकडे होतं, त्याने तो मामीच्या टायपिंगसाठी मागून आणला होता. मामीच्या अक्षरांना तो पुरे होता, पण माझा प्रोग्रॅम सुरू केला की गोठायचा. त्यात मेमरी होती फक्त चौसष्ट एमबी. चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे टिकटिक करत चढत जायचे आणि ६५५३६ वर येऊन थांबायचे. यंत्र स्वतःची मेमरी केबीत मोजतं ते; चौसष्ट एमबी म्हणजे ६५५३६ केबी. आमच्या सरांनी सांगितलं होतं, मेमरीची पट्टी दोनशे छप्पन्नची तरी हवी. शिकवण्यांचे साठवलेले पैसे माझ्याजवळ होते. शुक्रवारी सकाळी मी निघाले, तेव्हा मामा कामावर जायच्या तयारीत कुळथाच्या पिठीशी भात कालवत होता.

"जुनी पट्टी काडून घेवन जा," तो म्हणाला.

"मामा, ते काय लिफ्टचं बेअरिंग आहे? दोनशे छप्पन्न सांगितलं की देतात."

"देतले ता खरा. काय देतले, ता बघ."

मामी हसली. "साडी ने गं पिशवीत."

मी हसले नाही. मला राग आला होता. तीन वर्षं कॉम्प्युटर मी शिकत होते, हे दोघे नाही. शिवाय बोरिवलीच्या त्या गल्लीत माझ्या वर्गातली मुलं फिरायची. बायका मॅचिंगला जातात तशी जुनी पट्टी रुमालातून काढून काउंटरवर ठेवायची, ही कल्पनाच मला सोसवेना. मी एका चिठ्ठीवर इंग्रजीत 'रॅम २५६' लिहिलं आणि तीच दुकानात पुढे केली. दुकानदार हितेनभाई, चष्मा कपाळावर, एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस. "कौनसा बोर्ड है, बेन?" त्याने विचारलं. पेटीतल्या मुख्य बोर्डाचं नाव मला माहीत नव्हतं. मागे कोणीतरी उभं होतं. मी म्हणाले, "लेटेस्टवाली द्या."

त्याने दिली.

घरी कोणी नव्हतं. मामी पत्रिका पोचवायला गेली होती. मी पेटीचं झाकण उघडलं. आत मेमरीच्या दोन खाचा होत्या, एकीत जुनी पट्टी, दुसरी रिकामी. नुसती नवी चालते का ते लगेच बघायचं म्हणून मी जुनी काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी नवी लावली. लांबी अगदी तीच होती. पण ती बसेना. उचलून पाहिली असती तर दिसलं असतं की जुन्या पट्टीच्या दातांमध्ये दोन कापे आहेत आणि नवीच्या दातांमध्ये एकच. कंपन्या तसं मुद्दाम करतात, चुकीची पट्टी चुकीच्या यंत्रात जाऊ नये म्हणून. हे मी पुढे शिकले. त्या दुपारी मला वाटलं, नवीन आहे म्हणून घट्ट आहे. मी दोन्ही अंगठे ठेवून उभी राहिले आणि अंगाचा भार टाकला. कट्ट असा आवाज आला.

खाचेतला प्लॅस्टिकचा आडवा तुकडा मोडून टेबलाखाली गेला होता. मी नवी पट्टी काढली, जुनी घाईघाईत दुसऱ्या खाचेत घातली आणि बटण दाबलं. पडदा काळाच. आत कुठेतरी लांब शिट्टी वाजायला लागली, थांबायची, पुन्हा वाजायची. मी बंद केलं, चालू केलं. गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा चालू केलं. तीच शिट्टी. संध्याकाळपर्यंत मी त्या गॅलरीत किती चकरा मारल्या असतील, शेजारच्या आजींनी शेवटी विचारलं, "पोट दुखतंय का गं?" मामी आली तेव्हा मी तिला सांगितलं, दुकानदाराने चुकीची दिली. सातला मामा आला, त्यालाही तेच सांगितलं. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा खरं वाटायला लागतं.

मामाने हात धुतले, बनियनवरच खाली बसला आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. तुटलेल्या खाचेवर त्याची नजर थांबली. मग त्याने चटई उचलली, टेबलाखाली हात फिरवला आणि तो प्लॅस्टिकचा तुकडा बाहेर काढला. दोन बोटांत धरून त्याने तो पाहिला आणि आपल्या डब्यात टाकला. डब्यात तो पडल्याचा आवाजही आला नाही, इतका तो लहान होता.

"खोडरबर दी."

लिफ्टच्या पॅनेलमधले तांब्याचे जोड तो खोडरबराने साफ करायचा. तसेच त्याने जुन्या पट्टीचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, आणि पट्टी दुसऱ्या खाचेत दोन्ही बाजूंनी सारखी दाबली. शिट्टी बंद झाली. आकडे चढत गेले आणि ६५५३६ वर थांबले. मामीने देवाच्या फोटोकडे पाहिलं. यंत्र वाचलं होतं, पण मी होते तिथेच होते. शिवाय आता एकच खाच उरली होती. म्हणजे जे काही हवं ते एकाच पट्टीत हवं. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. माझ्या ताटातला तुकडा मी नुसता इकडून तिकडे सरकवत राहिले.

"उद्या जावया दुकानात," मामा म्हणाला. "चुकीचा देतत म्हणजे काय?"

शनिवारी त्याने अर्धा दिवस रजा टाकली. जुनी पट्टी मामीने चहाच्या पुड्याच्या चंदेरी कागदात गुंडाळून दिली. बोर्डावर छापलेला बारीक नंबर मामाने बॅटरीच्या उजेडात वाचून कागदावर उतरवून घेतला. रिक्षात तो ताठ बसला होता, भांडायला निघालेल्या माणसासारखा. मला सांगायचं होतं. नॅन्सी कॉलनी गेली, नॅशनल पार्क गेलं, तरी मी सांगितलं नाही.

दुकानात मामाने आवाज चढवला. "सेठ, लडकी पढनेवाली है. उसको गलत चीज देने का?"

हितेनभाईने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग गल्ल्यामागच्या तारेला टोचलेल्या कागदांतून एक चिठ्ठी ओढली आणि काचेवर ठेवली. माझीच चिठ्ठी. "देखो काका. मैंने पूछा, कौनसा बोर्ड. बेन ने बोला, लेटेस्टवाली. सच बोलो बेन, बोला के नहीं?"

गिऱ्हाइकं बघत होती. मी मान खाली घातली. मामाने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सात-आठ माणसांसमोर त्या क्षणी तो मला काहीही बोलू शकला असता, आणि ते खोटं ठरलं नसतं. त्याने चिठ्ठी उचलून खिशात घातली.

"गलती मेरी है, सेठ," तो म्हणाला. "सॅम्पल साथ में देना था. मैं देने को भूल गया. आवाज बडा किया, माफ करना."

आयुष्यभर ज्या माणसाने नमुन्याशिवाय एक नटसुद्धा आणला नाही, तो म्हणाला, मी विसरलो. मी आता पन्नाशीकडे आले आहे. माझ्या हाताखाली मुलं काम करतात, त्यांच्या चुका मला दिवसातून दोनदा दिसतात, आणि प्रत्येक वेळी जिभेवर आलेलं वाक्य गिळायला मला कष्ट पडतात. मामाला पडले असतील का, मला माहीत नाही. तसं दिसलं तरी नाही.

हितेनभाई नरमला. जुन्या जातीची मोठी पट्टी त्याच्याकडे नव्हती. त्याने जोगेश्वरीच्या एका कारागिराचा पत्ता दिला, जुन्या मशीनचे भाग ठेवणारा, संध्याकाळी दुकान लवकर बंद करणारा. आम्ही हायवेवर बस पकडली. बस मालाडला अडकली. मी खिडकीतून वाकून पाहत होते, घड्याळ पाहत होते, सीटच्या कडेवर बसले होते, जशी काही पुढे बसल्याने बस पुढे जाणार होती.

"मामा," मी म्हणाले, "तू सांगितलं होतंस मला. मीच नेली नाही."

"होय."

"आणि जोरात दाबली मी. दुकानदाराने काही केलं नाही."

"तुकडो गावलो माका." तो समोर पाहत होता. "माका वायट एकाच गोष्टीचा वाटला. माका सांगाक तुका भय वाटला?"

"भय नाही," मी म्हणाले, "लाज." त्याने मान हलवली. हे उत्तर त्याला चाललं की नाही, ते कळायच्या आत गोरेगाव आलं आणि शेजारच्या बाईने तिची पिशवी माझ्या पायावर ठेवली.

कारागिराचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. टेबलावर एक उघडा बोर्ड, भोवती यंत्रांचा आतला मालमसाला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "नमूना लाये हो?" मामाने चंदेरी कागद उघडला आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे मी त्याचे उपकार मानते. कारागिराने बोर्डाचा नंबर वाचला. "ये बोर्ड नखरेवाला है. दोनशे छप्पन्नची पट्टी घेतो, पण चिपा दोन्ही बाजूला पाहिजेत. एकाच बाजूला असल्या तर अर्धीच ओळखतो." त्याने खोक्यात हात घालून तीन पट्ट्या काढल्या. मामा त्या घेऊन जिन्याखालून बाहेर आला, उन्हात उभा राहिला, आणि एकेक पट्टी जुनीच्या शेजारी धरून उलटीसुलटी पाहू लागला. कापे, दात, चिपा, वरची बारीक अक्षरं. हुबेहूब मामी. फुटपाथवरून जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. या वेळी मी त्याच्या शेजारी उभी होते आणि मोजत होते. दोन कापे. इकडे आठ चिपा, तिकडे आठ.

पिशवीतून आणलेली माझी नवी पट्टी कारागिराने एका नव्या बोर्डावर लावून पाहिली. ती चांगली होती. तिच्या बदल्यात त्याने आम्ही निवडलेली दिली. "घरी आकडा बघा," तो म्हणाला. "एक लाख एकतीस हजारवर, म्हणजे निम्म्यावर थांबला तर पट्टी तुमच्या बोर्डाला जमत नाही. पण उद्या मी नाही, सोमवारीच या."

सोमवारी माझी परीक्षा होती.

घरी आलो तेव्हा मामी दारातच होती. मामा पेटीपुढे बसला नाही. त्याने पट्टी माझ्या हातात दिली. "तूच लाव." मी कापे जुळवले, दोन्ही बाजूंनी सारखा दाब दिला, आणि पट्टी किती सहज आत गेली म्हणून मला रडू आलं. कडेच्या कड्या आपोआप वर आल्या आणि बसल्या. मामीने बटण दाबलं. आकडे टिकटिक करत निघाले. ६५५३६ मागे पडला. एक लाख. एक लाख तीस हजार. तिथे आकडा जरा अडखळला, निदान मला तसं वाटलं, आणि मामीने माझं मनगट धरलं. मग तो पुढे सरकला आणि चढत चढत २६२१४४ वर, पुऱ्या दोनशे छप्पन्नवर थांबला. तो आकडा मला माझ्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ आहे.

मामी पदराला हात पुसून खुर्चीवर बसली. "बघू तर, लिहितो का." नवीन काही लावलं की ती एक ओळ ठोकून पाहायची, नेहमी स्वतःचं नाव. त्या दिवशी तिने माझं लिहिलं. स्मिता, बाबांचं नाव, आडनाव. मग स्वल्पविराम दिला आणि पुढे टाइप केलं, बी.एस्सी.

"पूस ता," मामा म्हणाला. "निकालाच्या आदी लिवू नये. नाट लागता."

मामीने जीभ चावली. एकेक अक्षर मागे घेतलं, पण स्वल्पविराम तसाच ठेवला आणि पान जतन केलं. रविवारभर मी त्या खुर्चीवर बसले, प्रोग्रॅमचे तुकडे जोडले, मोडले, पुन्हा जोडले. मामीच्या मास्तरांचा ग्रंथ एक दिवस थांबला. सोमवारी मी तो फ्लॉपीवर घालून कॉलेजात नेला; परीक्षकांनी वाचनालयाच्या यादीतलं एक पुस्तक मागितलं आणि ते कोणाकडे आहे ते पडद्यावर आलं.

निकालापर्यंतचे आठवडे मी नीट झोपले नाही. टेबलाखाली पाय घालून पडायचे आणि त्या बंद यंत्रात, कुठल्याशा पानावर, एक स्वल्पविराम माझी वाट पाहत थांबला आहे हे मनातून जायचं नाही. गुणपत्रिका घेऊन आले तेव्हा मामीने आधी ती वाचली नाही. हात धुतले, यंत्र चालू केलं, ते पान उघडलं आणि बी.एस्सी. ठोकून बसवलं, शेवटच्या टिंबासकट. प्रिंटच्या दोन प्रती काढल्या. एक प्रत मी गावी पाठवली.

मामाला जाऊन आता चार वर्षं झाली. डबा मामीने मला दिला. माझ्या ऑफिसातल्या मुलांना मी तो एकदा दाखवला. त्यांच्या यंत्रांत मेमरी बोर्डालाच चिकटून येते, निवडायला काही उरलेलंच नाही. त्यांना तो भंगाराचा डबा वाटला. दातेरी पट्टी, बेअरिंगची गोळी, चौसष्टची मेमरी, प्लॅस्टिकचा एक तुकडा, 'रॅम २५६' लिहिलेली चिठ्ठी. आणि सगळ्यात खाली, चहाच्या चंदेरी कागदात गुंडाळलेली, घडीवर तेलाचं बोट उमटलेली, माझ्या नावाची ती दुसरी प्रत.